गौरीच्या तासाला माझा आवाज

उज्जैन
९ जून २०२५

चिरंजीव रुचिर,

आशीर्वाद घे, आणि मग नीट ऐक. हे पत्र तुझी काकू गौरी लिहिते आहे, मी खुर्चीत बसून सांगते आहे. फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ म्हणतोस आणि मागे तुझी टकटक चालू असते. माझ्या डोळ्यांनी कधी अक्षर ओळखलं नाही, पण कान अजून तल्लख आहेत. पत्र उघडायला तरी तुला दोन्ही हात लावावे लागतील.

तू पुण्याला वापस गेलास आणि घर सुनं झालं, असं काही मी म्हणणार नाही. तुझ्या वायरी गेल्या आणि माझा जपाचा कोपरा मोकळा झाला. भिंतीला गाद्या लावून मला त्या कोपऱ्यात बसवलंस आणि वरून पंखा बंद! मे महिन्यात, उज्जैनमध्ये! पंख्याचा आवाज येतो म्हणे. गोष्टी सांगायला बसवलंस आणि माझं वाळवण करून गेलास.

आता तुझी ती बोलपाटी, पोरांना मराठी शिकवणारी पडद्याची पाटी, आपल्या मराठी मंडळाच्या शाळेत बसणार. इंग्रजीत होती, ती तू मराठीत आणलीस, आणि तिच्यातल्या गोष्टी माझ्या आवाजात. मला हसू येतं रे. आपले पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात लिहायला होते, हे तुझे आजोबा दूधवाल्यालासुद्धा ऐकवायचे. आणि त्यांच्या बायकोला सही येत नव्हती. बडनगरला आमच्या घरात धाकटी भावंडं सांभाळायला कोणीतरी हवं होतं, ती मी. शाळेपुढून रोज जायचे, कडेवर भाऊ घेऊन. आता या वयात मी पोरांना वाचायला शिकवणार! कागदावर अंगठा घेतलास तेव्हा मी विचारलं, हा कशाला? म्हणालास, ‘आवाज वापरायची परवानगी, आजी. नुसती रीत आहे.’ बरं बाबा.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

मी गोष्ट सांगताना मधे थांबते. समोरून ‘हं’ आलं की पुढे जाते. तू, तुझा बाप, तुझा काका आल्हाद, सगळे असेच गोष्टी ऐकून वाढलात. ‘हं’ नाही आलं, तर समजायचं की पोर झोपलं, नाहीतर रुसलं. तुझ्या यंत्रापुढेही मी तशीच थांबत गेले. त्या थांबण्याच्या जागा तशाच ठेव. पोरांना ‘हं’ म्हणायला जागा पाहिजे.

दुसरं, ‘ठेल्यावरून सब्जी घेतली’ म्हटलं तर तू मला थांबवलंस. ‘हातगाडीवरून भाजी घेतली म्हण आजी, पुण्याच्या बाई तपासणार आहेत.’ मी म्हटलं, तुझ्या बाईंसाठी. पण टावर चौकात जाऊन हातगाडी हातगाडी म्हणून ओरडले, तर लोक मला देवास गेटला नेऊन बसमध्ये बसवतील, म्हणतील ही बाई चुकून इथे उतरली.

गौरी खूश आहे. पोरांच्या घरी हिंदीच चालतं, आयाही हिंदीतच रागावतात, मराठी पोरांच्या कानावर पडतं ते हिच्याच तासाला. ज्या तासाला बसून तू पेन्सिली चावायचास, तोच तास. आता तिला वाटतं, आजी गोष्ट सांगेल आणि मग ती पोरांना बोलतं करील. गोष्टींची चित्रंसुद्धा काढून ठेवली आहेत तिनं.

तुझी
आजी

(आईंनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. चित्रांचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनीच पाहिली. रुचिर, पडद्यावरच्या सूचना वाचल्या. किती साधं, स्वच्छ लिहिलं आहेस. बरं वाटलं. – गौरीकाकू)

*

पुणे
२४ जून २०२५

तीर्थरूप आजी,

तुझं पत्र दोन्ही हातांनी उघडलं आणि दोनदा वाचलं. ऑफिसात सगळ्यांना ते बसमध्ये बसवून देण्याचं वाक्य वाचून दाखवलं. तू इथे आधीच प्रसिद्ध आहेस.

थांबण्याच्या जागांबद्दल सांगतो. यंत्र अशा शांत जागा आपोआप कापतं. काही सेकंद आवाज आला नाही की मुलं दुसरीकडे बघायला लागतात, असं आमच्या पाहणीत दिसलं आहे. पण गोष्टीतला शब्द एकही गेलेला नाही, तेवढी खात्री बाळग.

आणि एक गंमत ऐक. तू जेवढं बोललीस त्यावरून यंत्र तुझा आवाज शिकलं आहे. आता मी इथे एखादं वाक्य लिहिलं, की ते तुझ्या आवाजात बोलतं! तुला पुन्हा पंखा बंद करून बसायला नको. सूचना, प्रश्न, कौतुकाचे शब्द, सगळं आता आजीच बोलते. आमच्या वरिष्ठांनी ऐकलं तेव्हा ते म्हणाले, हिच्यात माया आहे.

शाळेबद्दल यशोधनदादाशी रोज बोलणं होतं. तो मंडळाचा कार्यवाह झाल्यापासून कामं पटापट होतात. महाराष्ट्राबाहेर जिथे जिथे मराठी मंडळांच्या शाळा आहेत, तिथे आम्ही आपल्या शाळेचं उदाहरण दाखवणार आहोत. तिथे हे चाललं तर माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे आजी, म्हणून थोडा हावरट झालो आहे.

गौरीकाकूला सांग, चित्रं आता काढायला नकोत, यंत्रात आहेत. माझं मराठी चांगलं असेल तर ते कोणामुळे, हे तिला माहीत आहे.

तुझा
रुचिर

*

उज्जैन
२० जुलै २०२५

चिरंजीव रुचिर,

आज रविवार असून गौरी शाळेत जाऊन आली. उद्या सवारीची सुट्टी, म्हणून आज शाळा. महाकाल नगरात फिरायला निघतात, आणि त्यांच्यापायी मास्तरणींचा रविवार जातो. दमली आहे, पण मी म्हटलं, मला सांगायचं आहे, लिही.

तुझ्या पाटीचं उद्घाटन झालं. यशोधननं मला रिक्षा पाठवली. अध्यक्ष म्हणून तात्या होते. ते नारळ फोडेपर्यंत जागे होते, मग खुर्चीतच झोपले. गौरीच्या वर्गातली सतरंजी उचलली आहे. पोरं पूर्वी गोल बसायची, आता भिंतीकडे तोंड करून ओळीनं बसतात, कानांवर त्या काळ्या वाट्या लावून. पाठीमागून बघितलं तर वाटतं, सगळ्यांना शिक्षा झाली आहे.

यशोधननं मला माझाच आवाज ऐकवला. माझ्या गोष्टीतली म्हातारी विहिरीवर जायला निघायची, तेव्हा मी थांबायचे. पोरांना काळजी वाटू द्यायची. आता ती एका दमात घरातून निघते, पाणी भरते, घसरते, वाचते आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागते. मलाच धाप लागली. शेजारी एक पोरगी बसली होती. तिच्या घरी कोणीतरी गोष्टी सांगणारं असावं, कारण ती मधेच ‘हं’ म्हणाली. गोष्ट तर केव्हाच पुढे निघून गेली होती. पोरीनं इकडेतिकडे बघितलं आणि गप्प बसली. पुन्हा म्हणाली नाही.

आणि ते शाब्बास! रुचिर, मी आयुष्यात कोणाला शाब्बास म्हटलेलं नाही. तुझा बाप इंजिनियर झाला तेव्हा मी त्याला ‘जेवून घे’ म्हटलं होतं. तुझ्या डब्यात मी बोटागणिक शाब्बास म्हणते. एका पोराचं बोट चुकून बरोबर चित्रावर पडलं, त्यालाही मी शाब्बास, खूप छान, असंच पुढे चालू ठेव म्हणाले. काय चालू ठेवायचं त्यानं? बोट पाडणं? माझ्या तोंडात हे कोणी घातलं?

परवा टावर चौकात मी भाव करत होते, तर ठेल्यामागून एक पोर ओरडलं, ‘मम्मी, कंप्यूटर वाली दादी!’ मी त्याला मराठीत विचारलं, बाळ, नाव काय तुझं? म्हणाला, ‘अर्णव। दादी, एक बार शाब्बास बोलो ना!’ एवढं एकच मराठी शिकलाय तो माझ्याकडून.

गौरीला विचारलं, तुझा तास कसा चाललाय? म्हणाली, चाललाय. इथे तिनं पेन थांबवलं आहे. मला वाचता येत नाही, पण पेन थांबलेलं दिसतं. लिही गं, हेही लिही.

तुझी
आजी

*

पुणे
३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आजी,

तुझं पत्र वाचून पोट धरून हसलो. शाब्बासचा राग मानू नकोस. मुलाचं उत्तर बरोबर आलं की त्याला लगेच उत्तेजन द्यायचं, ही पद्धतच आहे. मूळ इंग्रजीतही होतं, मी फक्त मराठीत आणलं. आणि खरं सांगू? लहानपणी तू मला एकदा तरी म्हटलं असतंस, तर मलाही आवडलं असतं.

आनंदाची बातमी अशी, की आपल्या शाळेचे आकडे फार छान आलेत. मुलं पाटी रोज उघडतात. यशोधनदादानं अहवाल पाठवला, त्यात लिहिलं आहे की शिक्षिकेवरचा भार पुष्कळच कमी झाला. मी तेवढं वाक्य आमच्या सादरीकरणात घेतलं. म्हटलं, काकूचाच उल्लेख आहे, तिला आवडेल. इतकी वर्षं घसा फोडून शिकवलं तिनं, आता जरा निवांतपणा मिळत असेल.

पुढच्या महिन्यात बहुतेक माझ्याकडे सगळ्या भाषांचं काम येईल. अजून कोणाला सांगू नकोस.

तुझा
रुचिर

*

उज्जैन
दि. १८/०८/२०२५

रुचिर,

अक्षर वेगळं दिसलं असेल. खालच्या मजल्यावरची चारुलता लिहिते आहे, बँकेतून निवृत्त झाली ती. गौरीच्या मनगटाला लचक भरली आहे, असं मी तिला लिहायला सांगत होते. तर ही म्हणते, ‘काकी, खोटं मी लिहिणार नाही, नोकरीत कधी लिहिलं नाही.’ मग खरंच लिही म्हटलं.

गौरीनं माझं पत्र लिहायचं सोडलं आहे. तुझं मागचं पत्र मला वाचून दाखवलं, भार कमी झाल्याच्या वाक्यापर्यंत आली, ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, पत्र घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं आणि कुकर लावायला गेली. उरलेलं चारुलतानं वाचलं.

तुला निवांतपणा ऐकायचा आहे ना, तर ऐक. गौरीचा तास गेला. ती आता दार उघडते, पोरांना काळ्या वाट्या वाटते, तास झाला की गोळा करते, पुसून ठेवते. यशोधन म्हणाला, ‘वहिनी, आता शिकवायचं टेन्शन नाही, फक्त देखरेख.’ पोरांशी बोलायलाही मनाई आहे, कारण बोललं की त्यांचं पाटीवरून लक्ष उडतं आणि तुझ्याकडचे आकडे पडतात.

ती कशी शिकवायची, तुला आठवत असेल. मूल हिंदीत बोललं तर रागवायची नाही. ‘मॅडम, हमारे यहाँ कुत्ते ने बच्चे दिए’ म्हटलं की ती म्हणायची, ‘अगंबाई, तुमच्या कुत्रीला पिल्लं झाली? किती झाली?’ पोर सांगत सुटायचं, आणि मराठीत कधी शिरलं हे त्याचं त्यालाही कळायचं नाही. तूही असाच शिकलास. तुझी आई घरात बदलीच्या गावचं हिंदी घेऊन आली होती, तू ‘मेरेको दूध होना’ म्हणायचास. आता पोर पाटीला कुत्र्याचं सांगायला गेलं, तर पाटी म्हणते, पुन्हा प्रयत्न कर. माझ्या आवाजात म्हणते.

रोज संध्याकाळी गौरी घरी येते ती दिवसभर माझा आवाज ऐकून. मग मी घरात काही बोलले की तिच्या खांद्यावर आठी पडलेली दिसते. खांद्यावर आठी पडत नाही म्हणतेस? तू बघ येऊन, चारुलता. परवा मी सहज विचारलं, उद्या सब्जी काय करायची? तर म्हणाली, ‘उद्या पाचवीला काय शिकवणार आहात, ते ठरलं का आई?’ हे ती मला म्हणाली. मला, रुचिर!

मंडळाची सभा चौदा सप्टेंबरला आहे. मराठीची शिक्षिका ठेवायची की नाही, ते त्या दिवशी ठरणार. मी यशोधनला म्हटलं, अरे, पितृपक्ष आहे, कोणी काही सुरू करत नाही. तर म्हणाला, ‘आजी, सुरू कुठे करतोय? बंद करायला पितृपक्ष चालतो.’

तर आता थट्टा पुरे. दोन गोष्टी कर. माझा आवाज त्या डब्यातून काढ. आणि मंडळाला पत्र लिही. पाटी तू बनवली आहेस, तुझं ते ऐकतील, माझं नाही. लिही की ही पाटी मास्तरणीच्या हातात द्यायची वस्तू आहे, तिच्या जागी ठेवायची नाही. एवढंच. इकडचं तिकडचं नको.

आजी

*

उज्जैन
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय रुचिर,

हे पत्र आईंना माहीत नाही. त्यांनी तुला काय लिहायला सांगितलं ते चारुलताताईंकडून कळलं. त्यांच्या सांगण्यात माझ्याबद्दल थोडी दया असेल, ती काढून टाक. मला दया नको आहे.

तुझं यंत्र वाईट नाही. आईंची गोष्ट, तुझी सोपी वाक्यं, चित्रं, हे सगळं घेऊन मी काय काय केलं असतं, ते मी जूनमध्येच वहीत मांडून ठेवलं होतं. मला वाटलं होतं, ते माझ्यासाठी येतं आहे.

तिथे बसून सगळ्यात जड काय जातं, सांगू? या घरात मी लग्न होऊन आले, आईंचा स्वयंपाक, आजारपण, सणवार सगळं केलं. त्यांची माझ्यावर माया आहे, हे मला माहीत आहे. पण शाब्बास कधी ऐकलं नाही, आणि मला त्याची गरजही वाटली नव्हती. आता दिवसभर त्यांच्या आवाजातलं शाब्बास माझ्या शेजारून जातं. घरी येऊन त्या खऱ्या बोलल्या तरी मला त्यातलं खरं ओळखू येत नाही. त्यांची चूक नाही. तुझीही आहे असं मी म्हणत नाही.

मंडळाला लिहिणार असशील तर जे खरं वाटतं ते लिही. मुलांना बोलायला माणूस लागतं असं वाटत असेल तर तसं लिही. नाही लागत असं वाटत असेल तर तसंही लिही, मी मान्य करीन. फक्त मधलं काही लिहू नकोस.

तुझी
गौरीकाकू

*

पुणे
६ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आजी,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथे गणपतीत सुट्टी कमी आणि काम जास्त होतं. नव्या जागेवर आल्यापासून श्वास घ्यायला फुरसत नाही.

तुझ्या आवाजाचं विचारलं. आजी, तो आता काढता येत नाही. तू परवानगी दिली आहेस, तो कंपनीचा झाला आहे, आणि आणखी कितीतरी गावांत तो पोचला आहे. मी एकट्यानं ठरवण्यासारखं ते राहिलेलं नाही. पण यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? तू कुठे कुठे पोचलीस, याचा विचार कर.

मंडळाला मी पत्र पाठवलं आहे. कंपनीच्या कागदावर आहे, त्यामुळे ते वजनदार ठरेल. मला दोन्ही बाजू सांभाळूनच लिहावं लागलं, हे तू समजून घे. ज्या शाळेचं उदाहरण सगळीकडे दाखवतो आहोत, तिथे हे चालत नाही असं मीच कसं लिहू? पण काकूचं महत्त्व मी त्यात स्पष्ट मांडलं आहे. यशोधनदादा समजूतदार आहे. काळजीचं काही कारण नाही.

काकूलाही पत्र लिहायचं आहे, जरा वेळ मिळाला की लिहितो.

तुझा
रुचिर

*

उज्जैन
दि. २९/०९/२०२५

रुचिर,

सभा झाली. तुला यशोधननं कळवलंच असेल, तुमचं रोज बोलणं होतं. पण मी होते तिथे, म्हणून माझ्याकडूनही ऐक.

चौदा तारखेला सकाळी शाळेत हिंदी दिवसाची भाषणं झाली आणि दुपारी त्याच मांडवाखाली, त्याच खुर्च्यांवर मराठीची सभा. फलक तेवढा बदलला. आल्हाद दुकान बंद करून आला होता. गौरी मागच्या रांगेत बसली, मी तिच्या शेजारी. लोकही बरे जमले होते. फ्रीगंजची दोन-चार घरं तर गौरीच्या बाजूनं बोलायचं ठरवून आली होती. त्यांच्या पोरांना हिनंच शिकवलंय. मला वाटलं, होईल काहीतरी.

यशोधन म्हणाला, चर्चेआधी कंपनीचं पत्र वाचतो. आपलाच मुलगा आहे, आपल्याच शाळेत शिकलेला, त्याचं ऐकू. आणि त्यानं तुझं पत्र वाचलं. मला पाठ झालं आहे, मला सगळं पाठच करावं लागतं. ‘बोलपाटीच्या यशस्वी वापरात मार्गदर्शक व्यक्तीची भूमिका महत्त्वाची आहे. शाळेनं आपली गरज आणि परिस्थिती पाहून ही भूमिका निश्चित करावी.’ आणि शेवटी, ‘उज्जैनचा अनुभव इतरांना प्रेरणा देणारा आहे.’

बास. यशोधननं कागद घडी केला. म्हणाला, ‘बघा, तोच म्हणतो, शाळेनं ठरवावं. आणि मार्गदर्शक व्यक्ती आपल्याकडे आहेच, वहिनी आहेत, दार त्याच उघडतात.’ कोणी हसलं नाही. तो थट्टा करत नव्हता. फ्रीगंजवाले तोंड उघडून बसले होते, त्यांनी ते मिटलं. ज्यानं बनवलं तोच एवढं गोडीनं बोलतोय, तर ते काय बोलणार?

मी गौरीकडे बघितलं. वाटलं, आता रडेल. ती समोर बघत होती. हळूच म्हणाली, ‘एकही चूक नाही. किती नेटकं लिहितो हो आई.’ एवढंच.

मग मी उठले. मला कोणी बोलवलं नव्हतं. म्हटलं, ऐका जरा, मी सांगते. एवढं तोंडातून निघालं आणि मागे बसलेल्या पोरांनी टाळ्या सुरू केल्या. ‘कंप्यूटर वाली दादी! कंप्यूटर वाली दादी!’ मी म्हटलं, गप्प बसा. तर आणखी हल्लागुल्ला. मी म्हटलं, या बाईला काढू नका, पोरांशी बोलणारं माणूस काढू नका. पण रुचिर, मी काहीही म्हटलं तरी ते त्या डब्यासारखंच ऐकू येत होतं. पोरं वाट बघत होती, मी शाब्बास कधी म्हणते. मोठे लोकही हसत होते, मायेनंच हसत होते, वाईट कोणीच नव्हतं. तात्यांना जाग आली, त्यांनी विचारलं, काय झालं? यशोधन त्यांच्या कानात म्हणाला, आजी खूश आहेत. मग माझ्या अंगावर शाल आली आणि हातात नारळ. मी बोलत होते, आणि त्यांनी माझा सत्कार केला.

मराठीची शिक्षिका आता नको, हा ठराव हात वर करून झाला. चहा झाला. गौरीनं पर्समधून त्या खोलीची चावी काढली, यशोधनपुढे टेबलावर ठेवली, आणि माझा हात धरून मला पायरी उतरवली. शाल तिनंच घडी केली. दार आता शिपाई उघडतो, काही अडत नाही.

शाळा सोडली, पण गौरी रिकामी बसलेली नाही. देवास रोडवरच्या एका शाळेत तिला हिंदी शिकवायला बोलवलं आहे, दिवाळीनंतर जाईल. आल्हाद म्हणतो, बरं झालं, तिथे मुलं जास्त आहेत. मीही म्हटलं, बरं झालं.

आता शेवटचं. हे चारुलताला मी दोनदा सांगितलं, तिला लिहायला जड जातंय.

गौरी या घरात आली ती देवासची, हिंदी शाळेतली पोरगी. मराठी तिला येत होतं, पण अडखळत. लग्नानंतर वर्षभरात तिनं ते असं उचललं, की तुझ्या आजोबांनाही शब्द सुचवायची. मग तिनंच घरात नियम केला, उंबऱ्याच्या आत मराठी. मी विसरून हिंदी बोलले तर मलाही टोकायची. तुलाही टोकायची. बाहेरून कोणीही येवो, आमच्या घरात मराठीच ऐकू यायचं, ते हिच्यामुळे.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, ‘माँजी, चाय ठंडी हो जाएगी।’

मला वाटलं, चेष्टा करते आहे. मी म्हटलं, काय गं, सकाळी सकाळी? ती दूध तापवायला गेली. दुपारी ‘माँजी, खाना लगा दूँ?’ रात्री ‘माँजी, दवाई ले ली?’ आवाजात राग नाही. काळजी पहिल्यासारखीच, औषधं वेळेवर, पाठीला तेलही चोळते. फक्त ते सगळं हिंदीत. आल्हादशी हिंदी, देवापुढेही हिंदी. आल्हाद म्हणाला, जाऊ दे आई, सवय करतेय, नवीन शाळेसाठी. मी म्हटलं, हो, तसंच असेल.

मी दोन-तीन दिवस मराठीतच उत्तरं दिली. मग माझ्या लक्षात आलं, मी तोंड उघडलं की तिचा हात थांबतो. भाकरी थापत असली तरी थांबतो. माझं मराठी तिला आता कुठून ऐकू येतं ते मला माहीत आहे, रुचिर. तुलाही माहीत आहे.

काल संध्याकाळी ती पुन्हा चहा घेऊन आली. मी शाल नीट करून घेतली आणि म्हटलं, ‘रख दे बहू। पी लूँगी।’

तिनं कप ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग शेजारी बसली, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही दोघींनी एकत्र चहा घेतला.